बंदूक चांगली होती

आबा गेल्याचं मला त्यांचं कार्य उरकल्यावर कळलं. त्यांचा मुलगा दत्तू देवीच्या दर्शनाला तुळजापूरला आला होता, तो जाता जाता माझ्या घरी डोकावला. त्याचं भादरलेलं डोकं पाहूनच मी काय ते समजलो. बराच वेळ तो आजारपणाचं सांगत राहिला. मग चहाची बशी खाली ठेवून एकदम उमेदीनं म्हणाला, "बंदूक ठाण्यात जमा केली बगा, मास्तर. हवालदार बगतच ऱ्हायला. म्हणला, एवढी जुनी, आन् काय ठिवलीया! कालच दुकानातनं आणल्यावानी. चौघांला बोलवून दाखवली की त्यानं."

"चालते का, म्हणून विचारलं असेल."

"तेच पयलं विचारलं. म्हणलं, न चालायला काय झालं? आबांनी कवा बिघडू दिली?"

त्याला ते बापाचं कौतुक वाटलं, आणि मुलाला तसं वाटणं साहजिक होतं. तो गेल्यावर मी एक पुस्तक उघडून बसलो. वाचलं काहीच नाही. ती बंदूक इतकी चांगली का राहिली होती हे सांगू शकणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि जी आहेत ती सांगणार नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

अणदूरपासून आत, गाडीवाटेनं जावं लागे असं ते गाव. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. तिथली उर्दू शाळा मराठी झाली आणि मला तिथं नेमलं. पोलीस पाटलांच्या घराला लागून एक खोली होती, ती मला राहायला मिळाली. पाटलांना सगळं गाव आबा म्हणत असे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पांढऱ्या मिशांना तपकिरीचा पिवळा डाग. बोलण्यात उर्दू शब्द पेरलेले. माझ्या शाळेच्या पुस्तकातलं मराठी त्यांना हसू आणायचं. मी तुळजापूरचा, पुजाऱ्याच्या घरातला, हे कळल्यावर म्हणाले, "घरात साक्षात देवी, आन् तुमी आमची शेंबडी पोरं राखायला आलाव व्हय? देवीनं हाकललं का काय?"

पण त्यांचं पहिलं वाक्य ते नव्हतं. वळकटी खांद्यावर घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, आणि आत जावं की हाक मारावी या विचारात उंबऱ्यावरच थबकलो. आतून आवाज आला, "आत या, न्हायतर भाईर व्हा. दारात उभारू नका."

मला वाटलं, माणूस तुसडा आहे. पुढं कळलं की हे ते प्रत्येकाला म्हणत. पाहुण्याला, तहसिलीच्या शिपायाला, डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या भाजीवालीला, स्वतःच्या बायकोला. स्वतः तर कुणाच्याही दारात क्षणभर टेकत नसत. एक तर सरळ आत, नाहीतर चार पावलं अलीकडं अंगणात. त्या शिपायानं एकदा चेष्टा केली, "आत आलो तर चहा द्यावा लागंल, आबा." आबा म्हणाले, "चहा घे, जेवाण घे, पर दार सोड." माझ्या शाळेतली पोरं खेळताना एकमेकांना दारात अडवून आबांच्या आवाजात तेच म्हणायची आणि खिदळायची. लोक म्हणत, आबांना कुणा बुवानं काहीतरी सांगितलं असेल. मीही तसंच समजत होतो.

दुसरी सवय बंदुकीची. बाजाराच्या दिवशी सकाळी, गाव बाजाराला गेलेलं असताना, आबा ओट्यावर घोंगडी अंथरत. आतून जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक आणत आणि तिचा एकेक भाग सुटा करून मांडत. आमच्या भागात बंदूक म्हणजे ठासणीची किंवा फार तर दुनळी. ही वेगळीच होती. नळी एकच, पण लांब. मागच्या बाजूला चौकोनी, उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. त्याच्या पोलादावर बारीक कोरलेली उडणारी बदकं. गाव तिला पाचबारी म्हणे, कारण तिच्यातून एकामागून एक पाच बार निघत. चार काडतुसं पोटात आणि एक नळीत. एक बार निघाला की नळीच झटक्यानं मागं सरे, रिकामं काडतूस बाहेर उडे आणि दुसरं आपोआप जागेवर येई. माणसानं फक्त चाप ओढायचा.

मी पहिल्यांदा ती पाहिली त्या दिवशी सहज म्हणालो, "तुमची बंदूक सुरेख आहे."

"माझी न्हाय," आबा म्हणाले. "ठिवलेली हाय."

"कुणाची?"

"दस्तगीरची. पेशकार हुते हितं, जहागिरीचा वसूल बगायचे."

ते आता कुठं आहेत, असं मी विचारलं. आबांनी नळीतून चिंधी ओढली आणि नळी उजेडाकडं धरून पाहिली. सगळे भाग पुन्हा जोडून झाल्यावर त्यांनी बंदूक माझ्यापुढं धरली. "रिकामी हाय. चाप वडून बगा." मी ओढला. आत टक् असा कोरडा, भक्कम आवाज झाला. आबा मान तिरपी करून तो ऐकत होते. मला तो पाहुण्याचा मान वाटला. पण नंतर पाहिलं, चाप ते दरवेळी दुसऱ्या कुणाला तरी ओढायला लावत. कधी दत्तूला, कधी मला, कुणीच नसलं तर काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. काकी हात पदराला पुसत येत, चाप ओढत आणि चुलीकडं परत जात.

बंदूक इथवर कशी आली ते मात्र आबा रंगून सांगत. बेल्जममध्ये घडली, बोटीनं आली, हैदराबादच्या दुकानात काचेच्या कपाटात राहिली. आमच्या गावाचे जहागीरदार नवाब हैदराबादेतच राहत आणि थंडीत एकदा तळ्यावर बदकं मारायला येत. त्यांनी हौसेनं ती घेतली. त्यांचा एक पाहुणा, कुणी बडा इंजिनीअर, म्हणाला, आधी मला द्या. या बंदुकीत पुढच्या लाकडाच्या आत एक पोलादी कडं असतं. काडतूस हलकं की भारी, त्याप्रमाणं ते फिरवून बसवावं लागतं. पाहुण्यानं काडतूस भारी भरलं आणि कडं हलक्याचं राहिलं. बार काढला तो उताणा चिखलात. "बदकं उडाली, आन् सायेब पाण्यात!" आबा मांडी थोपटून हसत. "उटला, आन् नवाबाला म्हणतो कसा, हुजूर, ये बंदूक है या लाथ मारनेवाली गधी?" नवाबाची हौस तिथंच फिटली. त्यांनी ती पेशकाराच्या हातात दिली. ले जा, शेतातले डुक्कर मार.

दस्तगीर पेशकारांनी त्या कड्याचं गणित बसवलं आणि आबांनाही शिकवलं. कडं चुकीचं असलं तर भारी काडतुसाला खांदा फुटतो. हलक्या काडतुसाला उलटं होतं, नळी पुरती मागं येत नाही आणि दुसरं काडतूस अर्ध्यात अडकतं. "पर अडकती ती दुसऱ्या बाराला," आबा बोट उभं करून सांगत. "पयला बार निघतोच." हे ते नेहमी सांगत. मी एखाद्या धड्यासारखं ऐकून घेई.

भुईमुगात डुकरं शिरली की दोघं मिळून बांधावर बसत. पेशकार डुकराला हात लावत नसत. म्हणत, "मारना मेरा काम, उठाना पाटील का." ईदेला पेशकारांच्या घरून शिरखुर्म्याचं पातेलं येई. भाभी, म्हणजे पेशकारांची बायको, आबांना भाई म्हणत. दसऱ्याला आबा त्यांच्या ओसरीवर सोनं द्यायला जात. हे सगळं सांगताना आबा इतके खुलत की मला वाटे, पेशकार हैदराबादला गेले असतील, कुठंतरी मजेत असतील.

गावात जे घडलं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. ते हळूहळू वस्तूंवरून कळलं. मारुतीच्या भंडाऱ्याला गावजेवण होई. भात एका मोठ्या तांब्याच्या देगेत शिजे. एवढी मोठी देग आमच्या भागात देवळात नसते. पंगतीला पहिल्या वर्षी बसलो तेव्हा ती माझ्यासमोरच होती, आणि तिच्या गळ्याशी उर्दूत नाव कोरलेलं होतं. मी हैदराबाद राज्यातल्याच शाळेत शिकलेला, मला ते वाचता आलं. दस्तगीर. वाढणाऱ्यानं भात वाढला, मी जेवलो. पंगतीत आबा नव्हते. ते भंडाऱ्याला नारळ देत, पण जेवायला येत नाहीत, असं कळलं.

डुकरं तेव्हाही येतच होती. एका वर्षी त्यांनी सोनाबाईचा भुईमूग पार उकरला. सोनाबाई ही एकटी शेत करणारी म्हातारी, तोंडाची फाटकी. ती भर चावडीत आबांपुढं उभी राहिली.

"आबा, ती पाचबारी लोणच्याला घातलीया का? घाला की वाईच मीठ अजून!"

लोक हसले. आबाही हसले. "येतो की रातीला."

ते गेले, पण गावच्या राखणदाराची ठासणीची घेऊन. ती ओली होती की काय, बार निघालाच नाही आणि डुकरं निवांत खाऊन गेली. सकाळी सोनाबाईनं उकरलेले वेल आणून आबांच्या अंगणात टाकले. "घ्या. पाटलांनी डुकरांला पंगत दिली म्हणं! घरात तलवार, आन् लढाईला लाटणं!"

एरवी आबांनी तिला परतून दोन टोमणे मारले असते. त्या दिवशी ते मान खाली घालून वेल गोळा करत राहिले. "पाचबारी का नाही नेली?" असं मी नंतर विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "जवा वाजवायची हुती तवा वाजली न्हाय, मास्तर. आता डुकरावर कशाला?"

बंदूक बिघडली होती असा मी त्याचा अर्थ घेतला. आता लाज वाटते, पण तेव्हा तो अर्थ मला सोयीचाही होता.

मग ग्रामपंचायतीत नवे सरपंच आले. तरुण, उत्साही माणूस. त्यांनी ठरवलं की सप्टेंबरात, निजामाचं राज्य गेलं त्या दिवसाच्या ध्वजवंदनाला, आबांचा सत्कार करायचा. गावात एक गोष्ट रूढ झालेली होती. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आबांनी एकट्यानं जाऊन पेशकाराच्या हातातून पाचबारी हिसकावून घेतली आणि गाव वाचवलं. ती आबांनी कधी सांगितली नव्हती. पण दत्तू ती ऐकतच वाढला होता, आणि त्या गोष्टीवर त्याची छाती फुगत असे. शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं. आबा नको नको म्हणत असताना दत्तूनं घरातून बंदूक आणून त्यावर ठेवली आणि तिला झेंडूचा हार घातला.

सरपंच बोलले. आबांना नारळ आणि फेटा दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता दोन शब्द बोला म्हटल्यावर आबा उठले. फेटा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"सरपंच बोलले त्यात एक चूक झाली," ते म्हणाले. "हिसकावली न्हाय. म्या मागितली, त्यानं दिली."

सरपंच हसले. आबांचा विनय वाटला त्यांना.

"म्या म्हणलं, दस्तगीर, हत्यार तुझ्याजवळ दिसलं तर लोकं जास्ती पेटतील. माझ्याकडं दे. म्या तुझ्या दारात उभारतो, कोण आत येत न्हाय. भाभीनं पेटीतनं काडतुसं काढून आणली. पाच. त्यानं आपल्या हातानं भरली. म्हणला, एक वर काढलास तरी पळतील." आबांनी बंदुकीकडं पाहिलं. "मग माणसं आली. काय परगावची हुती, काय आपली हुती. म्या दारात हुतो."

पोरांनी हातातले कागदी झेंडे खाली केले.

"आन् म्या बाजूला सरलो. त्याला वड्याकडं नेलं, तो परत आला न्हाय. बंदूक माझ्या हातात हुती."

कुणी शेजारच्याकडं पाहिलं नाही. सगळे जमिनीकडं, झेंड्याच्या खांबाकडं, आपापल्या पायांकडं पाहत होते. आबांनी बंदुकीवरचा हार काढला, ती खाकेत धरली आणि घराकडं चालू लागले. सरपंच भानावर येऊन माझ्या अंगावर ओरडले, "मास्तर, पोरांला गाणं म्हणायला लावा की!" पोरांनी गाणं म्हटलं. लिमलेटच्या गोळ्या वाटल्या.

त्यानंतर काही दिवस दत्तू बापाशी बोलला नाही. सोनाबाईनं टोमणे मारणं सोडलं, आणि ते मला टोमण्यांपेक्षा वाईट वाटलं. आबांच्या ओट्यावर संध्याकाळी बसणारी माणसं दुसऱ्या ओट्यावर बसू लागली. पुढच्या भंडाऱ्याला देग आली तेव्हा तिच्या गळ्याशी हातभर जागा लख्ख उजळलेली होती. कुणीतरी कानस लावून नाव घासून काढलं होतं. भात वाढणारा माझ्याकडं बघत होता. मी उठलो नाही.

बोललेलं मात्र गावाबाहेर पोचलं. बांगड्या विकणारा मणेर सोलापूरहून फेरीला येई, त्यानं एक दिवस निरोप आणला. पेशकारांची बायको सोलापुरात भावाच्या आश्रयानं राहत होती, विड्या वळत होती. आबांनी भर सभेत दस्तगीरचं नाव घेतलं हे तिच्या कानी गेलं होतं. "भाभीनं सलाम सांगितलाय," मणेर म्हणाला. "म्हणाली, पाटील भाईंला सांग, जिवाला लावून घेऊ नका. मला ठावं हाय. बंदूक अडकली हुती."

मणेर गेल्यावर आबा ओट्यावरून उठले ते अंगणात फेऱ्या घालू लागले. संध्याकाळी माझ्या खोलीपुढं आले, दारापासून लांब थांबले. "मास्तर, रविवारी सोलापूरला येता का माझ्यासंगं? दत्तू न्हाय म्हणतोय."

सोलापूर काही लांब नव्हतं. डांबरी रस्त्यावर येऊन एस. टी. धरली की दोन-अडीच तासांची वाट. त्या वाटेवरून आबा कोर्टकचेरीला, बाजाराला कितीदा गेले होते. त्या गल्लीत मात्र ते पहिल्यांदाच आले. चादरीत गुंडाळलेली बंदूक गाडीत त्यांनी मुलासारखी मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टर म्हणाला, "काय पाटील, शिकारीला का?" आबांनी त्याला परवाना दाखवला.

गोणपाटाचा पडदा लावलेलं घर. भाभी आत उजेडाच्या पट्ट्यात बसल्या होत्या. पुढ्यात सूप, तेंदूची पानं, कातर. केस पांढरे झालेले. आबांना त्यांनी हाकेवरून ओळखलं असावं, कारण पडदा पुरता बाजूला करायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पाटील भाई? आव, अंदर आव. उन्हात कायकू खडे?"

आबा आत गेले नाहीत. गल्लीतच, दारापासून हातभर दूर उभे राहिले. मी पायरीशी बसलो.

"भाभी, अमानत आणलीय," ते म्हणाले.

भाभींनी त्या गाठोड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून, जणू मला ओळख करून देत, म्हणाल्या, "इनकू बहुत प्यारी थी ये. रोज पुसत बसायचे. मैं बोलती, मुझसे निकाह कायकू किया, इसी से करना था." त्या हसल्या. मग आबांना म्हणाल्या, "भाई, मैं सबकू बोली. माझ्या भावाला, पोरीला, सगळ्यांला. पाटील भाई दरवाजे में खडे थे. बंदूक अटक गयी. नही तो एक बी आदमी अंदर नही आता."

गल्लीत कुठंतरी माग चालत होता, त्याचा खटखटाट ऐकू येत होता. मला मनापासून वाटत होतं, आबांनी मान हलवावी. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्या बाईनं एवढी वर्षं स्वतः विणून ठेवलेली गोष्ट होती ती, आणि त्या गोष्टीत तिला एक भाऊ होता.

"भाभी," आबा म्हणाले, "अडकती ती दुसऱ्या बाराला. पयला बार निघतोच. दस्तगीरनंच शिकवलं हुतं मला."

भाभींच्या हातात पान होतं. त्यांनी ते कातरलं. दुसरं घेतलं, तेही कातरलं.

"बंदूक चांगली हुती," आबा म्हणाले. "म्या चापच वडला न्हाय."

त्यांनी कोपरीच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली, सोडली आणि पायरीवर ठेवली. फिकट झालेली लाल काडतुसं होती. भाभी पुढं वाकल्या, पण हात लावला नाही.

"पाचोंच?"

"पाच."

मग त्या बोलल्या. आमच्याशी नाही, सुपाकडं बघत. "मैं अंदर कान लगाके बैठी थी. पोरगी मांडीत होती, उसका मुँह दाबके. आवाज आयेगा बोलके. अब आयेगा, अब आयेगा."

आबांनी बंदूक पायरीवर ठेवायला हात पुढं केला तेव्हा त्यांनी मान वर केली. "इधर नक्को. मेरे घर में नक्को. लेके जाव."

"तुमची हाय, भाभी."

"लेके जाव." मग आत बघत, सरळ आवाजात म्हणाल्या, "पानी पीके जाव, पाटील साब. बस का टैम होगा."

आबा पाणी प्याले. काडतुसं उचलून फडक्यात बांधली. परतीच्या गाडीत बंदूक पुन्हा त्यांच्या मांडीवर होती. भाभींनी भाई म्हणायचं सोडून पाटील साब म्हटलं, हे त्यांनीही ऐकलं होतं आणि मीही.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्या खोलीत भाकरी घेऊन आल्या. एरवी ताट ठेवून जात. त्या दिवशी थांबल्या.

"मास्तर, तिथं माझ्या भावाचं नाव घेतलं का यांनी?"

मला कळेना. मी नाही म्हणालो.

"त्या आलेल्या माणसांत म्होरं माझाच भाऊ हुता," काकी म्हणाल्या. "हातात कुऱ्हाड घेऊन. यांनी बंदूक उचलली, आन् म्होरं बगितलं तर माझा भाऊ. मला त्या रातीला सांगितलं, मागनं कुणाला न्हाय. सभेत बी न्हाय." त्यांनी ताटावरचं फडकं नीट केलं. "तिला तरी सांगायला पायजे हुतं. तेवढंच हलकं वाटलं असतं."

कुणाला, ते त्या बोलल्या नाहीत.

माझी बदली झाली आणि मी ते गाव सोडलं. अधूनमधून जाणं होई. आबांच्या ओट्यावर माणसं पुन्हा बसू लागली होती, गाव किती दिवस धरून बसणार? खंडेनवमीला घरची तलवार, विळे, कोयते पाटावर मांडून पूजा होई. पाचबारी त्यात नसे. दत्तूनं आग्रह सोडून दिला होता.

शेवटचं पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर. बाजाराचा दिवस होता. ओट्यावर कुणी नव्हतं म्हणून मी घराकडं वळलो आणि उजेडातून आत आल्यामुळं उंबऱ्यावर क्षणभर थांबलो.

"कोण हाय दारात?" आतून आवाज आला. आवाज बारीक झाला होता. "आत या, न्हायतर..."

"मी आहे, आबा. मास्तर."

आत घोंगडी अंथरलेली होती. डोळे नसल्यासारखेच होते, पण बोटं चालत होती. नळी, दांडी, स्प्रिंग, कडं. प्रत्येक वस्तू हाताशी ठरलेल्या जागी. नळी पुसून झाल्यावर त्यांनी माझ्यापुढं धरली. "बगा. कुठं गंज?"

मी नळी दाराकडं करून डोळ्याला लावली. आत सगळीकडं लख्ख होतं, आणि पार दुसऱ्या टोकाला अंगणाचा एवढासा गोल तुकडा.

"नाही आबा. स्वच्छ आहे."

त्यांनी कडं बोटांनी चाचपून योग्य बाजूनं बसवलं. सगळं जोडलं, कळ मागं ओढून सोडली आणि बंदूक माझ्या हातात दिली. काही सांगावं लागलं नाही. मी चाप ओढला.

आबा मान तिरपी करून, आपण लांबची हाक ऐकतो तसे ऐकत होते.

"वाजला का?" त्यांनी विचारलं.

"वाजला, आबा."

"व्हय," ते म्हणाले, आणि चादर अंथरून बंदूक गुंडाळायला लागले.